आईंच्या पायाच्या लेसरबद्दल तुम्ही केलेल्या तक्रारीला उत्तर

नमस्कार. लेसर होऊन पंधरा दिवस झाले तरी आईंच्या मांडीत दोरीसारखं ताठ लागतं, काळंनिळं पडलंय, घोट्याजवळच्या निळ्या रेषा तशाच आहेत आणि भर उन्हाळ्यात घट्ट मोजे घालायला लावलेत. थोडक्यात ‘अर्धं काम, पूर्ण बिल’, असं तुम्ही लिहिलंय. त्यांचे रिपोर्ट इथे चारचौघांत मांडणार नाही. व्हेरिकोज व्हेन्सच्या, म्हणजे पायातल्या फुगलेल्या शिरांच्या, कुठल्याही पेशंटला लागू पडेल तेवढंच सांगतो.

हाताला लागते ती दोरी म्हणजे बंद केलेली मोठी शीरच. तिच्या झडपा निकामी झाल्या की वर जायचं रक्त उलटं खाली उतरतं, म्हणून लेसरच्या उष्णतेने ती आतून मिटवायची. ती पायातच राहते, आधी कडक होते आणि काही महिन्यांत विरते. तोवर पाय सरळ करताना ओढ बसते. काळंनिळं बहुतेक सुयांमुळे. लेसर सुरू करण्याआधी सोनोग्राफीत बघत शिरेभोवती भुलीचं औषध घातलेलं सलाईन भरतो, पडद्यावर तिला सगळीकडून काळं कडं दिसेपर्यंत. त्याने भूल मिळतेच, शिवाय कातडी आणि शेजारचा मज्जातंतू भाजत नाही. डाग टाळायला म्हणून इथे हात आखडता घेणं मला जमणार नाही.

निळ्या रेषांचं म्हणाल, तर मोठ्या शिरेतला दाब उतरला की बऱ्याच लहान शिरा आपोआप बसतात. उरतील त्यांना दीड-दोन महिन्यांनी फोमचं, म्हणजे शीर बंद करणाऱ्या फेसाळ औषधाचं, इंजेक्शन. त्याचे पैसे आम्ही आधी घेत नाही. काही डॉक्टर सगळं एकाच वेळी उरकतात, तीही रीत आहे. मला गरज नसताना टोचणं पटत नाही. (‘वीस मिनिटांत पाय मोकळा’ असल्या जाहिराती हे काही सांगत नाहीत.)

मोजे सकाळी अंथरुणातून उठण्याआधीच चढवा. टाचेपर्यंत उलटे करायचे, पंजावर पातळ प्लास्टिकची पिशवी घालायची. मोजा सरकला की पिशवी बोटांकडून ओढून काढायची. निम्मी झटापट वाचते.

पोटरी अचानक सुजली, ठणकायला लागली किंवा दम लागला, तर फोनाफोनी न करता तडक जवळच्या मोठ्या रुग्णालयात न्या. तसं काही नसेल तर या आठवड्यात आईंना घेऊन या, डॉप्लर, म्हणजे वाहतं रक्त रंगात दाखवणारी सोनोग्राफी, तुमच्यासमोर करतो. मिटलेल्या शिरेत पोटरी दाबली तरी पडद्यावर रंग येत नाही; ते तुम्हालाही दिसेल.