पूर्व तिमोर : स्वातंत्र्य 'दिले' कोणी?

'पूर्व तिमोरला पोर्तुगालने २००२ मध्ये रक्ताचा थेंबही न सांडता स्वातंत्र्य दिले' असा मजकूर सध्या फिरतो आहे. तो चुकीचा आहे, आणि तिथल्या मृतांवर अन्याय करणाराही आहे.

आग्नेय आशियातल्या या वसाहतीतून पोर्तुगीज राजवट उठली ती १९७५ मध्येच. २८ नोव्हेंबरला फ्रेटिलिन पक्षाने स्वातंत्र्य जाहीर केले. ७ डिसेंबरला इंडोनेशियाचे सैन्य राजधानी दिलीत उतरले. पुढच्या वर्षी हा भाग इंडोनेशियाचा सत्ताविसावा प्रांत ठरवण्यात आला. संयुक्त राष्ट्रांनी हे विलीनीकरण कधीच मानले नाही. त्यांच्या कागदोपत्री पोर्तुगालच प्रशासक राहिला. गैरसमजाचे मूळ बहुधा इथेच असावे.

त्यानंतरची चोवीस वर्षे डोंगरातली गनिमी लढाई, सक्तीची विस्थापने आणि उपासमारीची. सत्यशोधन आयोगाच्या अंदाजानुसार या संघर्षात किमान १,००,००० माणसे गेली. १२ नोव्हेंबर १९९१ रोजी दिलीतल्या सांताक्रूझ दफनभूमीत सैन्याने निःशस्त्र जमावावर गोळ्या झाडल्या. ते चित्रीकरण बाहेर पोहोचले, तेव्हा कुठे जगाने इकडे नीट पाहिले. १९९६ मध्ये तिथल्या लोकांची बाजू मांडणारे बिशप बेलो आणि जोझे रामोस-होर्ता यांना शांततेचे नोबेल मिळाले.

३० ऑगस्ट १९९९ च्या सार्वमतात ७८.५ टक्के मते स्वातंत्र्याच्या बाजूने पडली. निकालानंतर इंडोनेशियाधार्जिण्या टोळ्यांनी, सैन्याच्या साथीने, देश जाळला.

२००२ हे वर्ष मात्र बरोबर आहे. पण २० मे २००२ रोजी सत्ता सोपवली ती सार्वमतानंतर कारभार पाहणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या हंगामी प्रशासनाने, पोर्तुगालने नव्हे. पहिले राष्ट्राध्यक्ष झाले शनाना गुजमाव, डोंगरात लढलेले आणि जकार्तात कैद भोगलेले.