‘दारू थोडी कमी-जास्त करा’ म्हणे!

पिस्तुलाची काडतुसं घरी भरणं हा अमेरिकेत रुळलेला छंद आहे. त्या मंडळींत एक सल्ला सतत फिरतो: काहीही बिघडलं तरी काडतुसातल्या बंदुकीच्या दारूचं वजन थोडं बदलून बघा, आणि शंका आली तर कमीच भरा, कमी दारूत धोका नसतो. मीही इथे टेक्ससमध्ये बरीच वर्षं हा उद्योग करतोय. सल्ला सोपा आहे, पण चुकीचा.

‘स्लाइड (पिस्तुलाचा मागे-पुढे सरकणारा वरचा भाग) पूर्ण मिटत नाही, दारू वाढवा.’ आधीचा बार लेचा निघाला तर असं होतं खरं. पण बहुतेकदा अडतं ते समोरचं, अजून न उडालेलं काडतूस. त्यात दारू किती आहे याने काय फरक पडणार? 9 मिमीचं काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या खोबणीत, पुंगळीच्या (गोळी आणि दारू धरणाऱ्या धातूच्या नळकांड्याच्या) तोंडावर टेकतं. बॅरल (नळी) काढून हातात धरा, काडतूस आत सोडा. ‘टक्’ वाजलं पाहिजे, बोटाने गरगर फिरलं पाहिजे, बॅरल उलटी केली की आपोआप पडलं पाहिजे. माझं एकदा फिरेना. काळ्या मार्करने रंगवून पुन्हा सोडलं, तर रंग नेमका तोंडाशी खरवडलेला. कॅलिपरने तोंडाची जाडी मोजली: 9.72 मिमी. मर्यादा 9.65. गोळी बसवण्यासाठी फाकवलेलं तोंड नंतर नीट मिटलंच नव्हतं. क्रिंप डाय (तोंड दाबून मिटवणारा साचा) पाव आटा खाली घेतली, काम झालं. रंग गोळीवर खरवडला असता, तर ती आणखी आत बसवायला हवी होती.

‘दुसऱ्या फटक्याला उडालं, म्हणजे माल खराब.’ प्रायमर (बुडातली, फटक्याने पेटणारी टोपी) पूर्ण बसला नसेल तर पहिला फटका त्याला आत ढकलण्यातच जातो. भरलेल्या काडतुसाच्या बुडावरून बोट फिरवा, उंचवटा लगेच लागतो. आणि न उडालेलं काडतूस लगेच बाहेर काढू नका; नळी लक्ष्याकडेच ठेवून 30 सेकंद थांबा.

‘प्रायमर चपटा नाही, म्हणजे दाब ठीक.’ पिस्तुलात जादा दाबाच्या या खुणेवर विसंबू नये, इतकंच.

आता ‘कमी दारू सुरक्षित’. .38 स्पेशल या रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाची पुंगळी मुळात काळ्या दारूसाठी बेतलेली, म्हणून ऐसपैस. आजची दारू तिच्या तळाशी जेमतेम पसरते. दुप्पट पडली तरी ओसंडत नाही, आणि फार कमी पडली तर तांब्याचं जॅकेट असलेली गोळी नळीतच रुतते. माझ्या रिव्हॉल्व्हरचा एक बार नुसता ‘फुस्स’ झाला. हाताला धक्का नाही. पिस्तूल अशा वेळी बहुधा अडतं तरी. रिव्हॉल्व्हरचं सिलिंडर मात्र निमूट पुढच्या काडतुसावर जातं. तो पुढचा बार केला असता तर नळी फुगली असती, नाहीतर फाटली असती. मी सिलिंडर रिकामं करून नळीत सळई घातली, ती मध्येच अडली.

घरी उरलेली 47 काडतुसं एकेक फोडून दारू तोलली. माप चुकलं नव्हतं. सगळ्यांत मी ठरवलेलंच वजन होतं, काडतुसं भरण्याच्या पुस्तकातल्या किमान आकड्याहून कमी.