रीडेव्हलपमेंटची लॉटरी इथे नाही

परवा डोंबिवलीहून मला इथे टोकियोत भाच्याचा फोन. "मामा, येन पडलाय. टोकियोत जुना फ्लॅट घेऊन टाकू का? पंचेचाळीस वर्षांची बिल्डिंग आहे, म्हणजे रीडेव्हलपमेंट आलंच!"

मला त्याच्यावर हसता येईना. मुंबई-ठाण्यात जुनी इमारत म्हणजे पाडाला आलेला आंबा. 51 टक्के सभासदांची संमती, वाढीव एफएसआय (त्याच प्लॉटवर जास्त बांधकामाची मुभा), मग नवा मोठा फ्लॅट, शिवाय बिल्डरकडून कॉर्पस म्हणजे एकरकमी निधी आणि मधल्या काळाचं भाडं. गळकी गच्चीसुद्धा आपण त्याच आशेवर सोसतो.

जपानमध्ये मात्र जुन्या 'मॅन्शन'चं (इथे साध्या काँक्रीटच्या फ्लॅट-इमारतीलाही मॅन्शनच म्हणतात!) गणित उलटं आहे. पाडून नवी बांधायला वर्षानुवर्षं चार-पंचमांश मालकांचा होकार लागत आला. भूकंपाला कमकुवत इमारतींसाठी एप्रिल 2026 पासून तीन-चतुर्थांश पुरतो. पण होकार मिळाला तरी पैसे कोण घालणार? अनेक जुन्या इमारती आजच्या नियमांपेक्षा आधीच मोठ्या आहेत, त्यामुळे बिल्डरला विकायला जादा मजलेच उरत नाहीत. टोकियोतला 1972 चा प्रसिद्ध नाकागिन कॅप्सूल टॉवर पाडायचं 2007 मध्ये ठरलं, पाडला 2022 मध्ये.

मी भाच्याला म्हटलं, आधी बांधकाम परवानगीची तारीख बघ. 1 जून 1981 किंवा त्यानंतरची असेल तरच नवे भूकंप-निकष लागू. मग दुरुस्ती निधीत शिल्लक किती आणि मासिक हप्त्यांची थकबाकी किती, ते माग. आधीच्या मालकाची थकबाकी नव्या मालकाच्या गळ्यात पडते. नीगाता प्रांतातल्या युझावाला तेजीच्या काळात स्कीइंगसाठी बांधलेले फ्लॅट दहा लाख येनच्या आत, म्हणजे साधारण सहा लाख रुपयांत मिळतात. स्वस्त का? दर महिन्याचा देखभाल आणि दुरुस्तीचा हप्ता काही केल्या सुटत नाही म्हणून.

बाकी परदेशी माणसाला इथे घर घ्यायला आडकाठी नाही, पण घर घेतलं म्हणून व्हिसा मिळत नाही. भारतात बसून भाडं खायचं तर इथे करप्रतिनिधी नेमावा लागतो.

टोकियोच्या निशी-कासाई भागातल्या आमच्या इमारतीत समितीवर जायची पाळी फिरत येते. गेल्या वर्षी माझी होती. पाण्याचे पाइप बदलायचे म्हणून हप्ता वाढवायचा ठराव आला, तर चौथ्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, "तोवर मी असेन का?" प्रश्न रास्त होता. तरी ठराव झाला, कारण पुढच्या तीस वर्षांचा खर्च कागदावर समोर होता. आपल्याकडे सिंकिंग फंडाचा (मोठ्या दुरुस्तीसाठी साठवायच्या निधीचा) नियम आहेच, बांधकाम खर्चाच्या किमान पाव टक्का दरवर्षी. पण बिल्डर येणारच आहे म्हटल्यावर तो वाढवा म्हणणारा सोसायटीचा शत्रू ठरतो. आपली ही सवय मला महागडी वाटते.

भाच्याला विचारलं, "तुमच्या सोसायटीच्या सिंकिंग फंडात किती आहेत रे?"

"ते सेक्रेटरीला विचारावं लागेल, मामा. पण ते चिडतात."