टाकीत ॲसिड ओतू नका: पाइप बदलण्याबद्दलच्या त्या फॉरवर्डला उत्तर

"पाइप बदलायची गरज नाही, प्लंबर आणि कमिटीची लूट ओळखा" असा एक लांबलचक मेसेज सध्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरतोय. काल तो डोंबिवलीला माझ्या सासऱ्यांच्या ग्रुपवर आला. सासरे, म्हणजे अण्णा, त्यांच्या सोसायटीचे खजिनदार, बिल्डिंग तीस वर्षांची, आणि पुढच्या सभेत टाकीपासून खाली येणाऱ्या डाऊनटेक लाइन बदलायचा विषय आहे. मेसेज आल्याआल्या दोघातिघांनी विषय पुढे ढकला म्हणून लिहिलं आणि एकाने तर ॲसिडचे कॅन होलसेलमध्ये कुठे मिळतात ते विचारलं. ते वाचून माझा संयम सुटला, म्हणून हे लिहितेय.

मेसेजमधले दावे थोडक्यात असे: टाकीत ॲसिड घालून सगळे नळ उघडले की जुन्या लाइन नव्यासारख्या होतात. जीआयचे (जस्ताचा थर दिलेले लोखंडी) पाइप बिल्डिंग उभी आहे तोवर टिकतात. गळती ज्याच्या घरात, खर्च त्याचा. प्लास्टिकच्या पाइपने कॅन्सर होतो. आणि रिडेव्हलपमेंट येणार असेल तर एक पैसाही घालू नका.

आधी ॲसिडचं बघू, कारण बाकीच्या गोष्टींनी पैसे जातील, याने माणूस जाऊ शकतो. बाजारात संडास धुवायला जे ॲसिड मिळतं ते हायड्रोक्लोरिक ॲसिड. ॲसिड गंज खातं हे खरं, पण ते गंजापाशी थांबत नाही, जिथे जस्त शिल्लक आहे तिथे ते आधी जस्त खातं आणि मग खालचं लोखंड, म्हणजे पाइपला वाचवणारी एकमेव गोष्ट तुम्ही स्वतःच्या हाताने धुऊन टाकता. शिवाय जुन्या पाइपला पडलेली बारीक भोकं बऱ्याचदा त्या गंजानेच बुजलेली असतात. गंज गेला की डक्टमध्ये, म्हणजे पाइप जातात त्या उभ्या पोकळीत, चार ठिकाणी पाणी सुरू. टाकी आरसीसीची, म्हणजे सळई घातलेल्या काँक्रीटची असेल तर ॲसिड सिमेंट खातं आणि आतल्या सळईला पाणी लागायला वाट करून देतं. नळाचे पितळी कॉक, गीझरची टाकी, सगळं त्याच लाइनवर आहे.

आणि सगळ्यात भयंकर म्हणजे टाकी आपण ब्लीचिंग पावडरने धुतो. ब्लीचिंग पावडर आणि ॲसिड एकत्र आलं की क्लोरीन वायू निघतो. टाकीसारख्या बंदिस्त जागेत, एका झाकणाच्या भोकातून आत उतरलेल्या सफाईवाल्या पोराचं काय होईल? मेसेज लिहिणाऱ्याने याचा विचारच केलेला नाही. खाली कुणी वयस्कर आजी त्याच लाइनचं पाणी प्यायला भरत असेल तर? "दोन तास नळ उघडे ठेवा" असं मेसेजमध्ये लिहिलंय, पण आडव्या लाइनमध्ये, बंद घरांच्या शाखांमध्ये ॲसिड साचून राहतं ते कोण तपासणार? कारखान्यात ॲसिडने पाइप धुतात, पण तिथे ॲसिडचं प्रमाण मोजलेलं असतं, त्यात लोखंड खाल्लं जाऊ नये म्हणून वेगळं रसायन घालतात आणि ती लाइन प्यायच्या पाण्याची नसते. कृपा करून हा उपाय कुणीही करू नका.

जीआय कायम टिकतो हा दावा. किती टिकेल ते पाण्यावर ठरतं. बोअर आणि टँकरचं खारट जड पाणी चालणाऱ्या बिल्डिंगमध्ये लवकर जातो, आणि आधी जातो थ्रेडपाशी, कारण आटे पाडताना तिथला जस्ताचा थरही कापला जातो आणि पाइपची जाडीही कमी होते. बाहेरून रंग मारलेला पाइप धडधाकट दिसतो आणि आतून अर्धा बुजलेला असतो. 15 मिमीचं भोक 7-8 मिमीवर आलं की पाण्याची वाट निम्मी नाही, साधारण चौथाई राहते. मग वरच्या मजल्यावर प्रेशर नाही म्हणून लोक पंप बसवतात. शंका असेल तर एका लाइनचा वीतभर तुकडा कापून सभेत सगळ्यांसमोर ठेवा. सकाळी लाल पाणी येतं तेव्हा टाकीतलं पाणी आणि नळातलं पहिलं पाणी दोन बाटल्यांत भरून शेजारी ठेवा. टाकीतलं स्वच्छ आणि नळातलं लाल, तर दोष लाइनचा.

खर्चाचा मुद्दा सोपा आहे, कारण उत्तर छापलेलं आहे. गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींमध्ये (म्हणजे सोसायटीच्या कारभाराच्या नियमांत), 2014 च्या प्रतीत, नियम 68(अ) काढून वाचा. बाहेरच्या पाण्याच्या लाइन, पंप, टाक्या, ड्रेनेज लाइन, सेप्टिक टँक आणि सामाईक लाइनमुळे होणारी गळती, हे सगळं सोसायटीने सोसायटीच्या खर्चाने करायचं. म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या जोशीकाकूंच्या भिंतीत डाऊनटेक फुटली तर ती त्यांची एकट्यांची कटकट नाही, आणि तळमजल्याने "आम्हाला काय त्याचं" म्हणायचं नाही. दुरुस्ती निधीचा दर सर्वसाधारण सभा ठरवते, पण तो फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान 0.75 टक्के हवा, आणि सिंकिंग फंड, म्हणजे मोठ्या कामांसाठी साठवायचा निधी, किमान 0.25 टक्के. मोठ्या दुरुस्तीला आर्किटेक्टच्या दाखल्याने आणि सभेच्या मंजुरीने सिंकिंग फंड वापरता येतो. हे पैसे वर्षानुवर्षं गोळा केले नाहीत म्हणून आज प्रत्येकाला एकदम मोठा आकडा दिसतो.

इथे मेसेजमध्ये अर्धं खरं आहे ते मान्य करते. 68(ब) प्रमाणे घराच्या आतली संडास, सिंकमुळे होणारी गळती ज्याची त्याने करायची. नहाणी ट्रॅप (बाथरूमचं पाणी जातं ती जाळीखालची जोडणी) गळून खालच्याच्या छताला ओल आली तर तो खर्च वरच्याचा. पण त्यावरून सगळ्या पाइपांचा खर्च घरमालकावर ढकलणं ही चलाखी आहे.

कॅन्सरबद्दल फार लिहीत नाही. पीव्हीसी पाइपमध्ये पूर्वी शिसं वापरायचे हे खरं आहे, आणि म्हणूनच केंद्र सरकारने 2021 मध्ये ते बंद करण्याचे नियम काढले. तेव्हा टेंडरमध्ये शिसेमुक्त, आयएसआय मार्क असं स्पष्ट लिहा. सीपीव्हीसी (गरम पाण्यालाही चालणारा प्लास्टिकचा पाइप) घेणार असाल तर त्यावर आयएस 15778 हा मानक क्रमांक बघा आणि उन्हात उघडा ठेवू नका, रंग मारा किंवा कव्हर करा. मेसेजमधला कॅन्सरचा दावा मात्र निव्वळ घाबरवणं आहे.

रिडेव्हलपमेंटचं म्हणाल तर अहवाल, टेंडर, सभासदांची संमती, विकासकाशी करार, मंजुऱ्या, यात कित्येक वर्षं जातात आणि तोवर पाणी रोज लागतं. करार झालेला असेल तर किमान दुरुस्ती करा, हे मलाही पटतं. नुसती चर्चा असेल तर थांबू नका.

अण्णांना मी एवढंच सांगितलंय की कोटेशन मागवताना चार गोष्टी लिहून घ्या. जुनी लाइन चालू ठेवून शेजारून नवी चढवायची आणि एकाच दिवशी जोडणी बदलायची. प्रत्येक फ्लॅटच्या शाखेला वेगळा कॉक. प्रेशर टेस्ट झाल्याशिवाय भिंत बुजवायची नाही. आणि बाहेरून रंगकाम याच एक-दोन वर्षांत करायचं असेल तर ते आणि बिडाच्या जुन्या ड्रेनेज लाइन एकत्र काढा, कारण परांचीचा खर्च दोनदा द्यावा लागणार नाही. ड्रेनेजच्या दिवशी त्या उभ्या लाइनवरचे सगळे संडास बंद राहतील, ते घराघरात आधी सांगून ठेवा, विशेषतः आजारी माणूस आहे तिथे.