हेडसेटमधली खाण आणि शिरगावच्या विहिरी

"खाण अभियांत्रिकीच्या मुलांना आता खाणीवर न्यायची गरज नाही. व्हीआर हेडसेट चढवा आणि पर्यावरण व्यवस्थापन वर्गातच शिकवा. सुरक्षित, स्वस्त आणि सगळं काही दिसतं!" असा मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. मला व्हीआर, म्हणजे हेडसेट डोळ्यांवर चढवून संगणकाने उभ्या केलेल्या आभासी जगात फिरणं, आवडतं, म्हणूनच हे लिहायला बसलो.

सुरक्षित? हो, हे मान्य. २९ डिसेंबर २०१६ ला झारखंडच्या राजमहल कोळसा खाणीत ओबी, म्हणजे कोळशावरची माती-दगड, कोसळून २३ कामगार गेले. असा कडा सुटताना कसा दिसतो, हे मुलांना तिथे उभं करून दाखवता येत नाही. सिडनीच्या न्यू साऊथ वेल्स विद्यापीठाने खाण-प्रशिक्षणासाठी ३६० अंशांचं गोल थिएटर वापरलं, ते उगाच नव्हे.

"सगळं काही दिसतं" इथे मात्र माझं भांडण आहे. दिसतं ते, जे बनवणाऱ्याने आत घातलं. गोव्यात डिचोली तालुक्यातलं शिरगाव घ्या. लोहखनिजाचे खड्डे भूजल पातळीच्या खाली गेले. खड्डा कोरडा ठेवायला पंप चालू ठेवावे लागतात आणि मग भोवतालचं भूजल खड्ड्याकडेच ओढलं जातं. गावातल्या विहिरी आटल्या, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत पोचलं. आता याच खाणीचं मॉडेल बनवा आणि ते लीजच्या, म्हणजे खाणकामासाठी दिलेल्या जमिनीच्या, हद्दीपाशी संपवा. विहिरी हद्दीबाहेर. मुलगा पंप सुरू करेल, खड्डा कोरडा होईल, समोर 'शाबास' अशी पाटी झळकेल. तो काय शिकला? डंपवरून, म्हणजे खाणीतल्या टाकाऊ माती-दगडाच्या ढिगावरून, पावसात उतरणाऱ्या तांबड्या गाळाचंही तेच. खालचं भातशेत मॉडेलमध्ये नसेल, तर गाळ जातो कुठे हा प्रश्नच पडत नाही.

उलट सहलीला जमत नाही असं एक काम व्हीआर करू शकतं. सहलीत एका दुपारची खाण दिसते. मॉडेलमध्ये पाण्याची पातळी तीस वर्षं मागेपुढे सरकवता येते. त्यासाठी मात्र विहिरींच्या वर्षानुवर्षांच्या खऱ्या नोंदी लागतात.

म्हणजे "स्वस्त" हा मुद्दाही गेला. हेडसेट स्वस्त झालाय, त्यातली खाण नाही. ड्रोन सर्वेक्षण, बोअरहोलची माहिती, ऋतूगणिक मोजलेलं पाणी, आणि खाण तर सतत पुढे सरकतेय. बाहेरून तयार मॉडेल आणलं, तर चार महिन्यांत सुमारे ३,००० मिलिमीटर कोसळणारा गोव्याचा पाऊस त्यात कुठून येणार?

राहिली माती. वरची सुपीक माती वेगळी काढून लवकर परत पसरायची असते. वर्षानुवर्षं ढिगात पडली की तिच्यातले जीव आणि बिया मरत जातात. ताजी आणि ढिगातली माती मुठीत घेऊन हुंगली की फरक कळतो. ते हेडसेटमध्ये करून बघा!

माझं म्हणणं एवढंच, की मॉडेलमध्ये आधी गावच्या विहिरी घाला. मग मे महिन्यात मुलांना तिथे न्या आणि दोर सोडून पाणी मोजायला लावा.