लिअर आधीपासूनच तसा होता

गावाकडच्या मित्रांशी शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’चा विषय निघाला की गाडी लगेच ‘नटसम्राट’वर येते, आणि तिथून आमच्यावर, म्हणजे आई-वडिलांना मागे ठेवून परदेशी गेलेल्यांवर. शिरवाडकरांचं हे नाटक १९७० साली रंगभूमीवर आलं, डॉ. लागूंनी अप्पासाहेब बेलवलकर उभे केले, आणि तेव्हापासून आपल्याकडे निकाल ठरल्यासारखाच आहे: बापाला वेड लागतं ते कृतघ्न मुलांमुळे.

इथे इंग्लंडमध्ये लोक लिअरकडे डॉक्टरच्या नजरेने बघतात. २०१४ साली नॅशनल थिएटरमध्ये सायमन रसेल बीलने लिअर केला, तो डिमेन्शियाच्या, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या, एका प्रकाराचा अभ्यास करून. काम अप्रतिम होतं. पण एकदा आजार म्हटलं की दोष कुणाचाच उरत नाही, आणि घरात वर्षानुवर्षं काय चाललं होतं हे विचारायची गरजही संपते.

मला दोन्ही अर्थ अपुरे वाटतात. त्यातही आपला अधिक.

पहिला प्रवेश नीट वाचा. मुलींनी काहीही वाईट करण्याआधीच लिअर भर दरबारात ‘माझ्यावर सर्वांत जास्त प्रेम कुणाचं?’ असं विचारून राज्य वाटतो. धाकटी कॉर्डेलिया खुशामत करत नाही, म्हणून तिला हुंड्याशिवाय घालवून देतो. मध्ये पडणाऱ्या केंट या सरदाराला हद्दपार करतो. सगळे गेल्यावर दोघी थोरल्या बहिणी आपसांत बोलतात. रीगन म्हणते, हा वयाचा परिणाम आहे, पण यांनी स्वतःला कधी ओळखलंच नाही. गॉनरिल म्हणते, ऐन उमेदीतही ते असेच उतावळे होते. पुढे या दोघी क्रूर होतात, वादळात म्हाताऱ्यावर दार बंद करतात, त्याचं समर्थन कुणी करू नये. पण हे निरीक्षण खोटं नाही. शंभर स्वारांचा लवाजमा थोडा कमी करा म्हटल्यावर हा बाप पोटच्या पोरीला वांझ होण्याचा शाप देतो. असा शाप त्या दिवशी पहिल्यांदाच तोंडातून निघाला असेल, असं मला वाटत नाही.

आपल्या घरांत बापाचा तापटपणा म्हणजे त्याचा दरारा. ताट भिरकावलं तरी आई म्हणते, ‘स्वभावच आहे त्यांचा.’ सत्तरीनंतर तोच स्वभाव सुटला, सावरणारी आई राहिली नाही, की सगळं सुनेच्या किंवा मुलाच्या माथी येतं. लिअरच्या घरात तर राणी नाहीच. अप्पांजवळ निदान त्यांची बायको कावेरी होती.

वाटणी आणि वेड यांचा संबंध शेक्सपिअरच्या काळातही कोर्टकचेरीपर्यंत गेलेला होता. १६०३ साली इंग्लंडच्या केंट परगण्यातल्या ब्रायन अ‍ॅन्सली या वृद्धाला वेडा ठरवून घ्यायची खटपट त्याच्या थोरल्या मुलीने केली, आणि धाकटी, जिचं नाव कॉर्डेल होतं, आडवी आली. आज आपल्याकडे २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम २३ आहे: सांभाळण्याच्या अटीवर दिलेलं घर, मुलांनी सांभाळलं नाही तर परत मिळू शकतं. हे कलम हवंच. फसवलेल्या म्हाताऱ्यांना दुसरा आधार कुठला? पण प्रेमाच्या बदल्यात जमीन हा सौदा लिअरनेच सुरू केला होता, आणि असा सौदा मोडल्यावर कायदा घर परत देईल, लेक देणार नाही.

म्हणून मला चौथ्या अंकातली भेट वादळापेक्षा मोठी वाटते. भ्रमातून जागा झालेला लिअर आधी कॉर्डेलियापुढे गुडघे टेकू पाहतो. मग म्हणतो, तुझ्या बहिणींनी मला छळलं, त्यांना कारण नव्हतं. तुला मात्र आहे. ती म्हणते, ‘काही कारण नाही, काही नाही.’ कारण होतं, आणि तिलाही ते ठाऊक आहे. तरी तिला हे म्हणता येतं, ते बापाने आधी स्वतःच्या तोंडाने कबूल केलं म्हणून. आपल्याकडच्या वादांत वादळ दर वेळी येतं. या भेटीचा विषय कुणी काढत नाही.