तिसरा बोअर

सकाळपासून बाणेरमधल्या आमच्या गल्लीत बोअरची गाडी धडधडतेय. समोरच्या सोसायटीचा हा तिसरा बोअर. पहिला ३०० फूट, दुसरा ५००, दोन्ही मार्चनंतर आचके देतात, म्हणून आता ७५०. आधी पाणाड्या येऊन गेला, त्याच्या तळहातावर नारळ उभा राहिला, चेअरमनसाहेबांनी लगेच फोटो ग्रुपवर टाकला. त्याच ग्रुपवर कागदी स्ट्रॉ वापरून पृथ्वी वाचवायचे फॉरवर्ड फिरत असतात. चालू द्या.

मंडळी, पुण्याच्या खाली बेसाल्ट, म्हणजे लाव्हा थिजून झालेला काळा खडक आहे. वर थोडी माती, मग मुरूम, मग भेगाळ किंवा सच्छिद्र खडक, आणि त्याखाली घट्ट काळा पाषाण. पाणी मुरतं आणि साठतं ते मुख्यतः वरच्या या थरांत. खाली एखादी भेग लागली तर लागली, नाहीतर नुसता धुरळा. सध्या गल्लीतल्या गाड्यांवर जी राखाडी भुकटी बसतेय ना, ती कोरडी भुकटीच सांगतेय की खाली काही नाही. तरी रॉडला रॉड जोडणं सुरूच, कारण बिल फुटावर निघतं.

हिशेब करा. साडेसहा इंची बोअरमध्ये फुटाला साधारण साडेसहा लिटर पाणी मावतं. ७५० फूट बोअर काठोकाठ भरला तरी जेमतेम ४,९०० लिटर, म्हणजे १० हजार लिटरचा अर्धा टँकरही नाही. खाली भेग नसेल तर हा बोअर म्हणजे एक लांबलचक टाकी, जिच्यात वरच्या भेगांमधलं पाणी ठिबकत राहतं. ते पाणी कुणाचं? त्याच सोसायटीच्या पहिल्या दोन बोअरचं, आणि शेजारच्यांचं. वर विजेचा खर्च वेगळाच. ६० मीटरवरून १० हजार लिटर उपसायला चारेक युनिट लागत असतील, तर २०० मीटरवरून बारा तरी लागतात. राज्याच्या २००९च्या भूजल कायद्यात ६० मीटरपेक्षा जास्त खोल गेलेली विहीर ‘खोल विहीर’ ठरते. ७५० फूट म्हणजे जवळपास २३० मीटर. कुणी विचारतंय का?

बरं, मान्य, नळाला पाणी नाही तर माणसांनी करायचं काय? बिल्डरने पाणी देण्याचं हमीपत्र लिहून दिलं आणि तो पुढच्या प्रोजेक्टला निघून गेला. रोज टँकरला पैसे मोजणाऱ्या माणसाला भूगर्भशास्त्र शिकवणं सोपं असतं. चूक त्या घरांतल्या लोकांची नाही, हे लिहितानाच जरा राग उतरला.

पण गच्चीकडे पाहिलं की परत चढतो. समोरच्यांची गच्ची असेल १,००० चौरस मीटर. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. शहरात वर्षाला सरासरी ७०० मिलिमीटर धरा, पाचवा हिस्सा वाया गेला धरा, तरी ५ लाख ६० हजार लिटर उरतात. छप्पन्न टँकर! तेही खडकवासला धरणाच्या वाटेला न जाता थेट डोक्यावर येऊन पडलेले. आणि त्यांच्याकडे ‘रेन वॉटर हार्वेस्टिंग’ आहेही, भोगवट्याच्या दाखल्यापुरतं. गच्चीचा पाईप खाली येतो आणि पाणी मुरवायच्या चेंबरच्या वीतभर आधीच संपतो. पाणी पेव्हर ब्लॉकवर, तिथून गटारात. चेंबरला तळापासून सिमेंटचं प्लास्टर, आत गुटख्याच्या पुड्या. पाणी मुरणार कुठून? ऑगस्टमध्ये हेच पाणी नदीला जातं, भिडे पूल पाण्याखाली गेला की आपण फोटो काढायला जातो.

नव्या बोअरच्या खर्चाच्या छोट्याशा भागात काय होतं सांगतो. आटलेला पहिला बोअर बुजवू नका, त्यालाच पाणी पाजा. आधी तपासा: एक टँकर स्वच्छ पाणी आत सोडा. पातळी काही तासांत उतरली तर तो पाणी घेतो. तसंच उभं राहिलं तर त्याचा नाद सोडा आणि मुरमापर्यंत शोषखड्डा घ्या. बोअर पाणी घेत असेल तर त्याच्याआधी गाळणीची टाकी बांधा: तळाला ४० मिलिमीटरची खडी, त्यावर २० मिलिमीटरची, वर जाडी वाळू, प्रत्येक थर फूटभर, मध्ये नायलॉनची जाळी. गाळलेलं पाणी तळाच्या पाईपने केसिंगमध्ये, म्हणजे बोअरच्या तोंडाशी बसवलेल्या पाईपमध्ये जाऊ द्या. गच्चीच्या पाईपला टाकीच्या आधी एक व्हॉल्व्ह हवाच. पहिल्या एक-दोन पावसांचं पाणी, म्हणजे धूळ आणि कबुतरांची घाण, बाहेर सोडायची. पार्किंगमधलं ऑईलचं पाणी बोअरमध्ये अजिबात नको. ड्रेनेजच्या चेंबरजवळ तर हा उद्योगच करू नका, एकदा मैलापाणी भेगांत शिरलं की ते काढता येत नाही.

बिघडतं कुठे, तर वाळूत. वरच्या चार इंचांत गाळ साचतो, पाणी उतरत नाही, टाकी तुंबते, आणि मग सोसायटीतलं कुणीतरी वैतागून पाईपच काढून टाकतं. समोर बहुतेक असंच झालं असणार. कात्रजहून पेठांत पाणी आणणाऱ्या पेशवाईतल्या लोकांनी गाळ बसायला वेगळा तलाव ठेवला होता, आपल्याला वर्षातून एकदा चार इंच वाळू बदलणं जड जातं! पेव्हरचंही तेच. खाली काँक्रीट ओतून वर ब्लॉक बसवले तर सांध्यांतून काय मुरणार? खाली खडी आणि वाळू टाका.

पातळी मोजायला यंत्र लागत नाही. पंप रात्रभर बंद ठेवा, सकाळी बोअरचं टोपण काढून वजन बांधलेली दोरी सोडा, ओलं कुठून लागलंय ते बघा, आकडा वहीत लिहा. एकदा मेअखेर, एकदा दिवाळीनंतर. वाळू बदलायची ती मेमध्येच, जूनच्या पहिल्या सरीची वाट बघत बसू नका. मालमत्ता करातल्या सवलतीसाठी अर्ज करणार असाल तर आधी पाईप चेंबरला लावून घ्या.